मास्तरचा वाटा

"दार आत उघडतं की बाहेर?" पोतदार साहेबांनी विचारलं.

"कसंही उघडतं, साहेब," आमचे मुख्याध्यापक लोखंडे सर म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं ते दार आम्ही दोघांनी आदल्या संध्याकाळीच बसवलं होतं आणि दुकानात एकच बिजागरी शिल्लक होती.

पोतदार साहेब हसले नाहीत, पण त्यांनी दाराला हातही लावला नाही. माणूस समंजस होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्यासोबत वाळवेकर मॅडम होत्या. तरुण, नवीन लागलेल्या. त्यांच्या हातात छापील तक्ता होता आणि त्या तक्त्यापलीकडचं जग त्यांना मान्य नव्हतं. "स्वच्छतागृह, स्वतंत्र, दारासह," असं पुटपुटत त्यांनी खूण केली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तरसवाडी जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून. सत्तर उंबऱ्यांचं धनगरांचं गाव. आमच्या शाळेच्या आधी इथली पोरगी चौथी झाली की मेंढरांमागं जायची, कारण पाचवीची शाळा नऊ किलोमीटरवर. शाळा निघाली, पाचवी ते दहावी झाली, तीन पोरी दहावी पास होऊन जतला कॉलेजात गेल्या. पण शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारनं शाळा चालवायला परवानगी दिलेली आणि मास्तरांनी जगायचं कसं हे मास्तरांवर सोपवलेलं. मी गणित-विज्ञान शिकवायचो. नऊ वर्षं शिकवत होतो, आणि नऊ वर्षांत पगार म्हणून एक रुपया हातात पडला नव्हता.

त्यातून सुटायची वाट एकच होती. मूल्यांकन समिती यायची, पट मोजायची, भिंती मोजायची, तक्ता भरायची. शाळा 'पात्र' ठरली तर अनुदान, म्हणजे पगार. अपात्र ठरली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. आम्ही आधी एकदा अपात्र झालो होतो. कारण काय, तर मैदानाला कुंपण नाही. माळरानावर, जिथं नजर जाईल तिथवर मैदानच आहे, तिथं कुंपण कशाला, हे तक्त्याला विचारायची सोय नव्हती.

या वेळी मी शैलाला, माझ्या बायकोला, शब्द देऊन बसलो होतो. तिच्या भावाचं इचलकरंजीला हार्डवेअरचं दुकान. तो दोन वर्षं म्हणत होता, भावोजी, गल्ल्यावर बसा. "ही शेवटची तपासणी," मी तिला म्हणालो होतो. "पात्र नाही झालो तर जूनमध्ये बोजा बांधायचा." ती म्हणाली, "देवापुढं म्हणा." मी म्हणालो. ती तशी पक्की होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

मग नऊ वर्षं जगलो कशावर? ज्वारीवर.

तरसवाडीत बलुतं अजून चालायचं. रब्बीची मळणी झाली की पोती घरी जायच्या आधी खळ्यावरच सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा वाटा घालायचे. शाळा निघाली त्या वर्षी बिरू आण्णांनी, ज्यांनी शाळेला जागा दिली त्या म्हाताऱ्या माणसानं, खळ्यावर सगळ्यांना सुनावलं होतं, "नांगुर नीट करणाऱ्याला वाटा देतासा. लेकरू नीट करणाऱ्याला न्हाई?" तेव्हापासून घरटी चार पायल्या. त्या ढिगाला 'मास्तरचा वाटा' म्हणायचे. आम्हा पाच शिक्षकांत वाटली तरी प्रत्येकाची सहा महिन्यांची भाकरी सुटायची. मी शिकला-सवरलेला माणूस, पहिल्या वर्षी मला त्याची लाज वाटली. दुसऱ्या वर्षापासून मी पोती घेऊन आधीच जाऊन उभा राहायला लागलो.

आता अडचण अशी, की अर्जासोबत हमीपत्र द्यावं लागायचं. पालकांकडून रोख वा वस्तुरूपात काहीही घेतलं जात नाही, असं. लोखंडे सरांनी शंभराच्या स्टँपवर ते झोकात सही करून दिलं होतं.

"आणि ज्वारी?" मी विचारलं होतं.

"ज्वारी म्हणजे फी आहे का, म्हेत्रे? ज्वारी म्हणजे ज्वारी."

"वस्तुरूपात लिहिलंय, सर."

"मग आता आण्णांना जाऊन सांगता, की साहेब येतायत, तुमची ज्वारी लपवा? चोरीचा माल आहे का म्हणून त्या माणसानं शाळेला कुलूप लावलं तर? मळणीचं मशीन बुधवारी येतंय. तपासणी मंगळवारी. विषय संपला."

विषय संपला म्हणून लोखंडे सर जे जे म्हणाले, ते पुढं आम्हाला नडलंच. हेही नडलं. पण त्या दिवशी मलाही तेच सोयीचं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तर मंगळवारी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पट भरला. प्रयोगशाळेत सातवीच्या पोरीनं मेणबत्ती, ग्लास आणि पाणी घेऊन प्रयोग करून दाखवला. आमच्याकडं मुळात तेवढंच साहित्य होतं. पोतदार साहेबांनी तिला तीन प्रश्न विचारले, तिनं तिसऱ्याला उलट प्रश्न केला. साहेब खूश. मैदानाला या वेळी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं. मॅडमनी 'कुंपण, आहे' अशी खूण केली. मग पालकांची बैठक.

"शाळा फी घेते का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई!" सगळे एका सुरात. लोखंडे सरांनी घोकून घेतलं होतं.

"देणगी?"

"न्हाई!"

आणि तेवढ्यात माळाच्या खालच्या अंगानं धडधड ऐकू आली. मळणी मशीनची. मागच्या गावातलं काम लवकर उरकलं म्हणून ते एक दिवस आधी आलं होतं. पालकांची चुळबूळ सुरू झाली. बैठक संपायच्या आत निम्मे उठून खळ्याकडं निघाले. लोखंडे सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. गावातून बाहेर पडायला रस्ता एकच होता आणि खळं त्या रस्त्याला चिकटून होतं.

"सर, मी पुढं जाऊन सांगतो," मी कुजबुजलो.

"जा, जा, सायकल घ्या."

पण पोतदार साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "म्हेत्रे, तुम्ही चला आमच्याबरोबर. फाट्यापर्यंत रस्ता दाखवा." साहेबाला नाही कसं म्हणणार? मी मागच्या सीटवर बसलो. पोरं शाळा सुटल्यासारखी पुढं पळाली, जीपला निरोप द्यायला.

"तुमचं काम होईल," साहेब मागं वळून म्हणाले. "एक-दोन त्रुटी आहेत, त्या मी सांभाळतो. किती वर्षं झाली म्हणालात?"

"नऊ."

"नऊ वर्षं!" त्यांनी मान हलवली. "आता नाही थांबायला लागणार."

मला इतकं बरं वाटलं, की क्षणभर मी खळं विसरलो. आणि वळणावर जीप करकचून थांबली.

रस्त्याच्या मधोमध बिरू आण्णा उभे. कपाळावर भंडारा, खांद्यावर घोंगडं, एक हात वर. गडी मशीन बंद करत होते. दोन्ही बाजूंनी सगळं गाव आणि पुढं आमची पोरं.

"सायब, वाईच उतरा. सरकार पैल्यांदा खळ्यावर आलंय. पैलं माप तुमच्या हातचं पडू द्या."

आमच्याकडं तशी रीत होती. खळ्यावर पाहुणा असला की पहिलं माप त्याच्या हातून घालायचं, पीक वाढतं. पोतदार साहेबांना मोठं कौतुक वाटलं. ते उतरले, चपला काढल्या. खळ्यावर सारवलेल्या जागी तीन ढीग आधीच घातलेले होते आणि चौथ्याची जागा रिकामी होती. आण्णांनी लोखंडी पायली दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती भरून त्या रिकाम्या जागी ओतली.

मापाची मोजणी एकनं सुरू करत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणतात. पोरं एका दमात ओरडली, "लाभ!"

साहेब लहान मुलासारखे हसले. त्यांनी दुसरं माप भरलं. "दोन!" मी जीपच्या दाराशी उभा होतो. काय होणार ते मला दिसत होतं आणि ते थांबवायला एकही शब्द सुचत नव्हता.

"वाटे घालताय वाटतं," साहेब हात झटकत म्हणाले.

"व्हय. ह्यो सुताराचा. ह्यो लव्हाराचा. त्यो कुंभाराचा." आण्णा एकेका ढिगाकडं काठी दाखवत चालले. आणि चौथ्याशी येऊन थांबले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी तो आजही विसरलो नाही. "आनी ह्यो कुनाचा, त्ये आमचं मास्तर सांगत्याल. त्यांच्याच तोंडानं ऐका."

त्यांनी तो मान माझ्यासाठी राखून ठेवला होता. सरकार समोर उभं होतं, गाव समोर उभं होतं. आम्ही आमच्या मास्तरला उपाशी ठेवलं नाही, हे मास्तरनं स्वतः सांगावं, एवढीच त्या माणसाची हौस.

वाळवेकर मॅडम जीपमधून उतरून आल्या. तक्ता हातातच. "कुणाचा हा, सर?"

मी पोतदार साहेबांकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांत शाळा तपासलेला माणूस, त्याला न कळायला काय झालं? त्यांचं हसू मावळलं. मॅडमकडं पाठ करून, अगदी सहज, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "देवाचा असेल. हो ना, म्हेत्रे?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं.

"हो," मी म्हणालो. "देवाचा आहे. बिरोबाचा."

पोरं माझ्याकडं पाहत होती, मग आण्णांकडं पाहायला लागली. ती प्रयोग करणारी पोरगी पुढंच होती. तिचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं आणि तिच्या आईनं तिचा दंड धरला.

आण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि चौथ्या ढिगावर टाकला.

"व्हय," ते म्हणाले. "देवाचा."

मॅडम वळल्या. त्यांच्या तक्त्यात देवाला रकाना नव्हता.

फाट्यावर उतरून मी चालत परत आलो तेव्हा छाती हलकी झाली होती. एक वाक्य खोटं बोललो, त्यात काय? कुणाचं काही गेलं नव्हतं. साहेब गेले, मॅडम गेल्या, संध्याकाळी ज्वारी घरी येईल, जूनमध्ये निकाल येईल. मी घरून पोती घेऊनच खळ्यावर गेलो.

तिथं तिसऱ्या ढिगापर्यंत सगळं होतं. चौथा नव्हता. दोन गडी पोती पाठीवर घेऊन बिरोबाच्या देवळाची पायरी चढत होते.

"आण्णा," मी म्हणालो, "साहेब गेले."

"बरं मग?"

"म्हणजे... मी ते साहेबांपुढं म्हणालो होतो. तुम्हाला माहीत आहे ते."

"खळ्यावर बोललासा न्हवं?" आण्णांनी घोंगडं झटकलं. "खळ्यावरचा शबूद फिरत न्हाई, मास्तर. जावा घरला. दिस बुडतोय."

रिकामी पोती घेऊन मी घरी गेलो. शैलानं पोत्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक म्हातारा माणूस रुसला, तर जाऊन पाया पडा." मी दुसऱ्या दिवशी गेलो. आण्णा रुसलेले अजिबात नव्हते. त्यांनी चहा दिला, पोरांच्या परीक्षेची चौकशी केली. ज्वारीचं नाव काढलं की मात्र पाऊसपाण्याचं बोलायचे.

जूनमध्ये निकाल आला. शाळा पात्र! लोखंडे सरांनी जतहून पेढे आणले आणि माझी पाठ थोपटली. "म्हेत्रे, तुमच्या एका शब्दानं शाळा तरली." मीही फुगलो. खालची ओळ आम्ही पेढे संपल्यावर वाचली. अनुदान निधीच्या उपलब्धतेनुसार देण्यात येईल.

निधी उपलब्ध झाला नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. आम्ही निवेदनं दिली, मोर्चे काढले, मुंबईला मैदानावर दोनदा बसून आलो. प्रत्येक वेळी एकच उत्तर, तुम्ही तर पात्र आहात, तुमची काळजी कसली? अपात्र असतो तर सुटलो असतो. इचलकरंजीला गल्ल्यावर बसून दोन वेळचं जेवलो असतो. पात्र होतो म्हणून अडकलो. शैलाला दिलेला शब्दही कायद्यानं मोडला नव्हता, तिलाही बोलता येईना. तिनं शिलाई मशीन घेतलं. मी सुट्टीत आण्णांच्या पुतण्याच्या बागेत डाळिंबं निवडायला जायचो. रोजगार तिथल्या इतरांपेक्षा थोडा जास्तच मिळायचा. मी त्याचा फारसा विचार केला नाही. शिकलेला माणूस म्हणून देत असतील.

आणि दर वर्षी मळणीला तेच. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, आणि चौथ्या ढिगावर आण्णांचा भंडारा. पोती देवळात जायची आणि पौर्णिमेला देवळापुढं त्यांचा लिलाव व्हायचा. आमच्यातल्या एकानं शाळा सोडली. ज्यांनी माझी पाठ थोपटली तेच म्हणायला लागले, म्हेत्रेंनी दुसरं काही सांगितलं असतं तर? काय सांगणार होतो? तुम्ही उभे होता का तिथं? पण सगळ्यात जास्त संताप मला आण्णांचा यायचा. एवढा मोठा माणूस, शाळेला जागा देणारा, आणि एका शब्दासाठी पाच घरांची भाकरी देवळात नेऊन ओततो! देवाला काय भूक लागलीय? चार वर्षं मी त्या माणसाशी हसून बोललो आणि मनात त्याला शिव्या घातल्या.

पाचव्या वर्षी अनुदान आलं. वीस टक्के. शंभरातले वीस, तेही त्या महिन्यापासून, मागचं काही नाही. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी वर्गात होतो. मी तो तीनदा वाचला. आनंद झाला का? झाला. पण त्याहून जास्त दमल्यासारखं झालं, आणि त्या दिवशी पुढचा तास मला घेता आला नाही.

नेमके मळणीचे दिवस होते. मी पेढ्यांचा पुडा घेऊन खळ्यावर गेलो. आण्णा आता काठीशिवाय उभे राहत नव्हते. त्यांनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला. मी बोलायचं नाही ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"आण्णा, आता माझं काही मागणं नाही. पण एकदा सांगा. मी त्या दिवशी का तसं बोललो, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं की. दुसऱ्या दिशी लोखंडे मास्तरानं कागदाचं समदं सांगितलं. सायबानंच तुमाला वाट दावली, त्ये बी कळलं. चूक तुमची न्हवती."

"मग एवढा राग कशाचा धरलात? चार वर्षं, आण्णा! माझी पोरं..."

"राग?" त्यांनी माझ्याकडं खरोखरच नवलानं पाहिलं. "राग कसला वं?"

ते काठी टेकत चौथ्या जागेशी गेले. ती जागा अजून रिकामी होती. पोरं नेहमीसारखी कडेला जमली होती.

"मास्तर, त्या दिशी हितं पोरं हुती. समदी. त्यास्नी ठावं हुतं वाटा कुनाचा. सायब जाताच आमची नात माझ्याजवळ आली. म्हनली, आबा, सर खोटं बोललं का? आता म्या काय सांगू? व्हय म्हनलो असतो, तर दुसऱ्या दिशी तुमी फळ्यावर काय बी लिवा, त्यास्नी खरं वाटलं असतं व्हय? म्हनून म्हनलो, येडे, सर कशाला खोटं बोलतील? वाटा देवाचाच हाय, सांजच्याला देवळात जाऊन बघ." ते थांबले, श्वास घेतला. "मग देवळात असाया नको व्हय? आनी पोरं दर साली बघत्यात. एकदा घालून भागतंय व्हय?"

ती नात म्हणजे मेणबत्तीचा प्रयोग करणारी पोरगी. त्या वर्षी ती जतला बारावी सायन्सला होती.

आण्णांनी पायली उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"पैलं माप आज तुमी घाला. देवाचं."

मी पायली भरली. काठोकाठ भरली, वर शीग लावली आणि चौथ्या जागी ओतली. कडेची पोरं, मला 'सर' म्हणणारी, एका दमात ओरडली, "लाभ!"